अकरावा थर

"गोळी अकराव्या थरात थांबली, शोभा! दहा थर फाडले अन् अकराव्यात थांबली. तू ऐकूनच नाही घेऊन राह्यली."

"ऐकलं. आता हा जळका कापूस कोण उचलते, ते सांगा."

नेरमधल्या त्या घराच्या अंगणात ओल्या, काळ्या कापसाचा ढीग पडला होता. शेजाऱ्यांनी बादल्या ओतून नुकतीच आग विझवली होती. दीनानाथ मास्तर ढिगाशेजारी उभे राहून वहीत लिहीत होते.

मास्तरांनी तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण त्यांचा स्वतःचा जीव एकाच प्रश्नात अडकलेला. जुन्या बंदुकीची गोळी नेमकी कशातून जाते आणि कशात अडते? पुस्तकवाले 'चिलखत भेदले' एवढं लिहून मोकळे होतात. किती पावलांवरून, किती जाडीचं, हे कोणी सांगत नाही, असं ते चिडून म्हणत. रानडुकरांसाठी परवाना काढलेली वडिलांची ठासणीची बंदूक घरात होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी चिलखताऐवजी शोभाताईंचा तवा बाभळीला टांगला. चाळीस पावलांवरून आरपार भोक. मग गढीच्या पांढऱ्या मातीची भिंत शेतात रचली. गोळी वीतभर आत जाऊन बसायची, भिंत ढिम्म. भोकाची खोली मोजायला शोभाताईंची विणायची सुई.

पुण्याच्या एका मंडळाला ते दरवर्षी टिपण पाठवत. वीस वर्षं उत्तर नाही. यंदा दोन ओळींचं कार्ड आलं: सुती चिलखतावर काही प्रयोग केला आहे काय? मास्तर ते कार्ड आठवडाभर खिशात घेऊन हिंडले.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. गावातल्या निम्म्या घरांत पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. ह्यांचीही. पांढरकवड्याला दिलेल्या लेकीला, केतकीला, सातवा सरलेला, पहिलं बाळंतपण ह्याच खोलीत व्हायचं. खोली मोकळी करा म्हणून शोभाताई महिनाभर मागे लागल्या होत्या.

अशात मास्तर एके दिवशी आपणहून म्हणाले, "एक दुलई शीव. जाड पाहिजे. बारा थरांची, टाके दाट."

शोभाताईंना वाटलं, उशिरा का होईना, ह्यांना लेकीची आठवण झाली. हातानं सरकी काढून, जुन्या लुगड्यांचे थर लावून त्या सोळा दिवस शिवत बसल्या. काठाला लाल पट्टीही लावली.

काल सकाळी मास्तर ती दुलई शेतात घेऊन गेले, बाभळीला टांगून तिच्यावर गोळी झाडली. परत आणून खोलीतल्या कापसावर टाकली. बंदुकीत दारूवर ठासलेल्या चिंधीची ठिणगी दुलईत धुमसते आहे, हे त्यांना कळलं नाही. आज दुपारी दाराखालून धूर आला.

"बाबा, आईनं ते केतकीसाठी शिवलं होतं," मुलगा श्रेयस म्हणाला.

"मी कवा म्हटलं केतकीसाठी? बारा थर सांगितले होते. लेकराले कोणी बारा थरांची दुलई देते काय?"

शोभाताई म्हणाल्या, "ते बी खरंच. मलेच काहून समजलं नाही? तीस वर्षांत तुमी कोणासाठी काय मागितलं होतं?"

"अवं, आता पुण्याहून येतीन लोक पाहाले..."

"येऊ द्या. श्रेयस त्याईले च्या करून देईल."

त्यांनी हात पदराला पुसले. काळे डाग तसेच राहिले.

"केतकीचं बाळंतपण इथं होणार नाही. मी उद्या सकाळच्या बसनं पांढरकवड्याले जातो. तिच्या सासूच्या घरी राहीन, लोक नावं ठेवतीन तर ठेवू दे. सव्वा महिना झाल्यावर बी परत येईनच, असं धरून चालू नका."

मग त्या आत जाऊन पिशवी भरू लागल्या.