शेवटून पहिली

माझ्या बायकोला डोंगर चढायचा छंद आहे. हे मी नागपुरात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने पुढे एकच विचारलं, "कोणता नवस आहे?" आमच्याकडे माणूस डोंगर चढतो तो वरच्या देवासाठी. रामटेकला जाईल, नागद्वारला जाईल, दर्शन घेईल आणि उतरेल. निव्वळ चढायला मजा येते म्हणून सुटीच्या दिवशी पहाटे उठून निघणारी बाई आमच्या वस्तीत तरी दुसरी नाही. आम्ही बौद्ध, नवसाचा प्रश्नच येत नाही, हे सांगूनही शेजारच्या जिजाबाईंना पटलेलं नाही. त्या अजून विचारतात, "फिटला का वं नवस, माया?" माया म्हणते, "फिटतच नाही जी तो," आणि बूट घालून चालू लागते.

माया हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. मी तिथेच फिटर होतो, आता रिटायर झालो. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या कामिनीने तिला एका रविवारी रामटेकच्या मागच्या डोंगरांवर ओढून नेलं. कामिनीचा एक गट होता. कोणी बँकेतला, कोणी कॉलेजची पोरं, आणि त्यांचा म्होरक्या रविंद्र, शाळेत खेळाचा मास्तर. माया गेली ती मुलाचे, पियुषचे, जुने बूट घालून, पुढे कापूस कोंबून. संध्याकाळी आली तेव्हा तिचा चेहरा उन्हाने लाल झालेला आणि तोंड थांबायला तयार नाही. वरून खिंडसीचं तळं कसं दिसतं, कुठल्या झाडाखाली बसून भाकर खाल्ली, सगळं मला दोनदा ऐकावं लागलं. "वर गेलं की वारा येते जी, अन् डोकं कसं रिकामं होऊन जाते," ती म्हणाली. मी म्हटलं, "डोकं रिकामं कराले इतक्या दूर कशाले जाते? माह्यासारखं घरी बसून राहा." यावर ती जे हसली, तसं तिला हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण पुढे एक गोष्ट माझ्या डोक्यात गेली. अशाच एका फेरीत बँकेतले एक गृहस्थ मागे पडले आणि वाटेत बसून राहिले. कोणाच्या लक्षात आलं नाही. मायाच्या आलं. ती परत फिरली, त्यांच्याजवळ बसली, पाणी पाजलं आणि त्यांना घेऊन आली. त्या दिवशी रविंद्रने आपल्या गळ्यातली शिट्टी काढून तिला दिली आणि सांगितलं, "काकू, आजपासून सगळ्यात शेवटी तुम्ही."

ती ही बातमी घेऊन खुशीत घरी आली आणि माझं डोकं फिरलं. शेवटी? माझ्या बायकोला? अहो, मी कंपनीच्या खेळांत धावण्यात पहिला, कॅरममध्ये पहिला. कपाट भरून कप आहेत घरी. "त्यानं तुले ढ म्हटलं वं," मी म्हणालो, "अन् तू हसून राहिली!" माया म्हणाली, "तुम्हाले नाही समजत ते." आणि शिट्टी खुंटीला लावून पोळ्या लाटायला गेली.

तिला मनापासून हवं होतं एकच. कळसूबाई. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक, तिथे एकदा उभं राहायचं. गट दर हिवाळ्यात जायचा, आणि दोन हिवाळे ती टोकाच्या खालून परत आली. पहिल्यांदा कॉलेजची एक पोरगी शेवटच्या लोखंडी शिडीपाशी घाबरून रडायला लागली, माया तिच्याजवळ बसली. दुसऱ्यांदा कोणाचा तरी पाय मुरगळला, माया त्याच्याजवळ बसली. बाकीचे वर जाऊन फोटो काढून आले. ते फोटो माया मला मोबाइलवर दाखवायची, आणि त्यात ती स्वतः कुठेच नसायची. माझा जीव जळायचा.

"पाय त्याचा मुरगळला, तू काहून बसते?" मी ओरडलो. "यंदा मी येतो तुह्यासंग. पाहतो कोण थांबवते तुले!"

मागच्या हिवाळ्यात गेलो. सीताबर्डीवरून कोरे करकरीत बूट घेतले, कारण नागपूरची इज्जत होती. रेल्वेने नाशिक, तिथून मिनीबसने पायथ्याचं बारी गाव. उजाडताच चढायला लागलो. पुण्यामुंबईचे पुष्कळ लोक होते, रंगीबेरंगी टोप्या घातलेले. म्हटलं दाखवूनच देतो यांना. सुटलो तो सगळ्यांच्या पुढे. कॉलेजची पोरं मागे, रविंद्र मागे. पहिली शिडी तर मी धावतच चढलो म्हणा ना. वरून ओरडून सांगितलं, "चाल ना वं माया, काय मुंगीसारखी येऊन राहिली!" ती खालून फक्त हात हलवायची.

पुढे काय झालं हे सांगायला मला अजून लाज वाटते. अर्ध्याच्या वर गेल्यावर बुटांनी टाचा सोलल्या. मग मांड्यांत गोळे आले. पोरं एकेक करून पुढे गेली, "काका, बरं आहे ना?" विचारत. मी "एकदम मस्त" म्हणत गेलो. टोक समोर दिसायला लागलं, माणसं दिसायला लागली, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी बसलो तो उठेचना.

माया आली. मागून, तिच्या त्याच चालीने. माझ्याकडे एकदा पाहिलं, बूट काढले, पाण्यात मीठसाखर घालून पाजलं आणि मांड्या चोळायला लागली. रविंद्र वरून परत आला. म्हणाला, "काकू, मी थांबतो काकांजवळ. तुम्ही जा, इतकं जवळ आहे."

मी पण म्हटलं, "जा वं. मी एकदम ठीक आहे."

"खोटं नका बोलू. तोंड पांढरं पडलं तुमचं," ती मला म्हणाली. मग रविंद्रकडे वळली. "पोरं शिडीवर आहेत गा. तिथं तू पाहिजे. इथं मी आहे."

रविंद्र गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जो तिला थांबवेल त्याला पाहून घेईन म्हणून आलेला मी, आणि तिला थांबवणारा मीच. "तुले वाईट वाटून राहिलं ना?" मी विचारलं.

मायाने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "वाटते ना," ती म्हणाली. "काहून नाही वाटणार? मले बी टोकावर उभं राहाचं आहे." तिने डोळे पुसले. "पुढच्या साली तुम्ही घरीच राहजा."

आणि आम्ही दोघंही हसलो. मला जरा बरं वाटल्यावर तिने तिची भाकर काढली, तिळाची चटणी काढली. समोर खाली सगळा मुलूख पसरलेला. वारा सुटला होता आणि खरंच, डोकं रिकामं होत होतं. इतकी वर्षं ही बाई कशासाठी पहाटे उठते ते मला तिथे बसून कळलं.

उतरताना सगळे आमच्या पुढे गेले. मी म्हटलं, "तू पुढं हो." ती म्हणाली, "नाही. मी मागं." मी टाचांना फडकी बांधून एकेक पाऊल टाकत होतो आणि मागे तिची पावलं ऐकू येत होती. शिड्यांवर पाय थरथरायचे, पण भीती वाटली नाही. ती मागे आहे म्हटल्यावर कशाची भीती?

खाली पोहोचलो तेव्हा मिनीबस सुरू होती. पोरं आत बसलेली, कोणी झोपलेली, कोणी पुढच्या बाकांवर, कोणी मागे कोंबलेली. मला वाटलं आता रविंद्र डोकी मोजेल, नावं पुकारेल. त्याने काहीच केलं नाही. दारात उभा राहून त्याने नुसतं विचारलं, "माया काकू?"

माया पायरीवर थांबली. मागे वळून तिने पूर्ण वाट वरपर्यंत नजरेने चाचपली, मग म्हणाली, "माह्या मागं कोणी नाही."

"चला," रविंद्र ड्रायव्हरला म्हणाला, आणि गाडी हलली.

बस्स, एवढंच. पोरं लोकांची, त्यांच्या आया नागपुरात फोनकडे डोळे लावून बसलेल्या, आणि माझ्या बायकोच्या एका वाक्यावर कोणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मी तिच्या शेजारी ताठ बसलो. आयुष्यात पहिला नंबर मी पुष्कळदा काढला, पण माझ्या शब्दावर आजवर एकही गाडी सुटली नव्हती.