चौथ्या अंकातली चिकटलेली पानं

सुमन कॉमिक वाचायच्या आधी हात धुवायची. कोपरापर्यंत धुवायची, बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या करायची आणि मग टेबलाशी बसायची. मलाही उठवायची. मी म्हणायचो, "अगं, मला इंग्रजी वाचता कुठं येतं? मी तर नुसता बघणार." ती म्हणायची, "बघायलासुद्धा स्वच्छ हात लागतात. उठा." सत्तरी ओलांडलेली बाई, आणि पुढ्यात काय, तर पोरांचं रंगीत चित्रांचं पुस्तक! घरी आलेली माणसं हसायची. हसणाऱ्यांना ती चहा द्यायची, पण पुस्तक उचलून आत नेऊन ठेवायची. त्यांनी हात धुतलेले नसायचे ना.

ही माझी बायको. फेब्रुवारीत गेली. त्रेपन्न वर्षं संसार केला आम्ही. मी चौथी पास. इंग्लंडात, रीडिंग गावी ब्रेडच्या कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलो. इंग्रजी कामापुरतं बोलतो, वाचायची वेळ आली की चष्मा विसरलो म्हणतो.

ती नववीपर्यंत शिकलेली. इथं आल्यावर तिला एका लायब्ररीत साफसफाईचं काम लागलं. सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी फडकं मारायचं. फडकं मारता मारता तिच्या हाताला कॉमिकं लागली. ती सांगायची, "मोठ्या पुस्तकात एक शब्द अडला की माणूस तिथंच बसतो. ह्यात शब्द अडला तर चित्र हात देतं." अशी ती इंग्रजी शिकली. डॉक्टरकडे, कौन्सिलच्या म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या ऑफिसात, आमच्या मुलीच्या, सीमाच्या शाळेत तीच बोलायची. मी मागे पिशवी धरून उभा.

रिटायर झाल्यावर तिने गावातलं कॉमिकचं दुकान शोधून काढलं. दुकानदार ग्रॅहम, टक्कल पडलेला, दोन्ही हातांवर गोंदलेलं. गिऱ्हाईकाने नाव सांगून ठेवलं की दर महिन्याचा अंक तो त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये काढून ठेवतो. दाढीवाल्या पोरांच्या फोल्डरांमध्ये एक फोल्डर 'मिसेस जाधव'. अंक यायचा त्या बुधवारी ती चांगली साडी नेसून, वर कोट घालून बसने जायची.

मालिका होती एका पोराची. कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहणारा, एकोणीस वर्षांचा. आई ऑफिसं झाडायची. त्याला सरकार हेरखात्यात भरती करतं. पुस्तकात त्याचं नाव डॅनी होतं, सुमनने त्याचा बंडू केला. खात्याची कडक साहेबीण ती मावशी. आणि बंडूला शिकवणारा एक लंगडा म्हातारा होता, कोटाच्या खिशात कायम चहाचा थर्मास. तो आबा. सुमन आधी पान मनात वाचायची, ओठ हलायचे, मग मला मराठीत सांगायची. मी समोर लसूण सोलत ऐकायचो. तिच्या तोंडून ते सगळे गोरे आमच्या वाईकडचे होऊन बोलायचे.

"बंडू, लेका, दार उघडायच्या आधी दाराला कान लाव. दार बोलतं," असं आबा सांगायचा.

बंडूने आईला सांगितलं होतं की त्याला फोनच्या दुकानात नोकरी लागली. ह्यावरून सुमन फार चिडायची. "आईशी खोटं बोलून कसली आलीय देशसेवा? कानफटात द्यायला पाहिजे एक."

"अगं, चित्रातला आहे तो."

"चित्रातला असला म्हणून काय झालं? आई आहे ना त्याला!"

मला आबा आवडायचा. तोंडाने फटकळ, पण पोराला एकटं सोडायचा नाही.

चौथा अंक आला तेव्हा मी हॉस्पिटलात होतो. बायपास झालं होतं. तोंडातली नळी काढल्यावर मी पहिलं विचारलं, "आबा काय म्हणतो?" ती म्हणाली, "बरा आहे. तुमच्यासारखा लोळत नाही पडलेला." घरी आल्यावर तिने अंक दाखवला, तर मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली. "छापखान्यातच चिकटलीत," म्हणाली. "मी दुकानातल्या दुसऱ्या प्रतीत बघून आले. विशेष काही नाही त्यात."

त्यानंतर आबा चित्रात दिसेना. मी विचारायचो, "आबा कुठाय?" ती एखाद्या बंद दारावर बोट ठेवायची. "ह्याच्या मागे." कधी दिवा लागलेल्या खिडकीवर. कधी बंडूच्या कानाला फोन असायचा, तर पलीकडे आबा.

"मला तर दिसत नाही."

"दिसला तर हेर कसला?"

मग आबा काय बोलला ते सांगायची, आणि तो बोलायचाही तसाच, फटकळ. माझं समाधान व्हायचं. अशी तीन वर्षं गेली.

एक सांगतो, सुमन लपवाछपवी करणारी बाई नव्हती. तिचा रिपोर्ट आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसलो होतो. तिने दार लावलं, पट्टा लावला आणि म्हणाली, "पोटात आहे. पसरलंय. उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. आता रडू नका, गाडी चालवायचीय तुम्हाला." इतकं सरळ. स्वतःचं मरण तिने मला एका दमात सांगितलं.

मालिका संपत आली होती, दोनच अंक राहिले होते. शेवटी शेवटी मी तिच्या कॉटशी बसून विचारलं, "आबाचं काय होईल गं?" म्हणाली, "शेवटचा अंक येऊ दे. मग सांगते." अंक यायच्या आधी ती गेली.

मला हसा खुशाल. पण ती गेल्यावर मला एकच लागून राहिलं, की आबाचं काय झालं ते मला कोण सांगणार.

मार्चमध्ये ग्रॅहमचा फोन आला. मी जाऊन शेवटच्या आधीचा अंक आणला. रविवारी सीमा वॉटफर्डहून आली. आमची मुलगी, इथंच जन्मलेली. तिने वाचून सांगितला. बंडू आला, मावशी आली, गोळीबार झाला. अंक संपला.

"आणि आबा?"

"हू इज आबा?"

"म्हातारा. लंगडा. नीट बघ, दाराच्या मागे असेल."

"बाबा, ऑनेस्टली, इथे कुणी म्हातारा नाहीये. दार म्हणजे फक्त दार आहे."

माझं डोकं फिरलं. "तुझी आई नववी शिकलेली, तिला वाचता यायचं. तू एवढी कॉलेजं करून काय उपटलंस?" सीमा उठली. कोट घातला आणि गेली. चहा तसाच राहिला तिचा.

दुसऱ्या दिवशी मी अंक घेऊन दुकानात गेलो. ग्रॅहमला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, म्हातारा कुठं आहे ते दाखव. त्याने अंक मिटला. मग काउंटरच्या मागून बाहेर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. "मिस्टर जाधव," तो म्हणाला, "तो चौथ्या अंकात मेला."

बंडूला वाचवताना मेला. दोन पानभर चित्र आहे म्हणे.

ग्रॅहमने सांगितलं, सुमनने तेव्हा दुकानात येऊन त्याला विचारलं होतं, हा परत येणार आहे का? तो म्हणाला, नाही. ती म्हणाली, माझा नवरा छाती कापून पडलाय, ह्या महिन्यात मी त्याला हे सांगणार नाही, पुढच्या महिन्यात सांगेन. पुढच्या महिन्यात म्हणाली, अजून अशक्त आहेत. त्यानंतर दर अंकाच्या बुधवारी ती आणि ग्रॅहम काउंटरवर अंक उघडून आबासाठी जागा शोधायचे. कुठलं दार, कुठली खिडकी. फोनची युक्ती ग्रॅहमची. "आणि तो काय बोलायचा?" मी विचारलं. ग्रॅहम म्हणाला, "ते ती मला कधी सांगायची नाही. म्हणायची, ते बसमध्ये सुचेल."

घरी येऊन मी चौथा अंक काढला. पानं मैद्याच्या खळीने चिकटवली होती, नुसत्या कडा, कुठं डाग नाही. वाफ दिली तर सुटतील एवढं मला कळतं. केटलीत पाणी ठेवलं. अंक हातात धरून उभा राहिलो. पाणी उकळलं, केटली बंद झाली. मी चहा केला. अंक परत कपाटात ठेवला.

पहिल्या महिन्यात मी अशक्त होतो, ते खरं. पण पुढं मी चांगला धडधाकट झालो. जिने चढायचो, भांडायचो. तेव्हा सांगता आलं असतं की. तरी नाही सांगितलं. मला वाटतं, तिलाच त्याला मारवेना.

मी सीमाला फोन केला. "चुकलं माझं," म्हणालो, आणि सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "म्हणजे आईने सगळा गोष्ट बदलला?"

"सगळी नाही गं. एकच माणूस."

शेवटचा अंक आला तेव्हा बाहेर ऊन पडायला लागलं होतं. सीमा आली. मी म्हटलं, "हात धुऊन ये." ती धुऊन आली, टेबलाशी बसली, अंक उघडला. मी तो माझ्याकडे ओढला. "तू नको वाचूस. मी सांगतो."

चित्रं बघून जमेल तसं सांगितलं. मावशीने बंडूला बिल्ला दिला. आबा खिडकीतून बघत होता, म्हणाला, "लेका, कॉलर नीट कर." सीमा तोंडावर हात धरून हसली, मग हसता हसता नाक पुसायला लागली. मी थांबलो नाही. बंडू घरी गेला. आईसमोर बसला, मान खाली. आईचा हात त्याच्या डोक्यावर. सांगितलं असणार सगळं तिला. सुमनला बरं वाटलं असतं.

शेवटच्या चित्रात त्यांचं स्वयंपाकघर होतं. टेबलावर तीन कप होते, आणि माणसं दोन. मी तिसऱ्या कपावर बोट ठेवलं.

"हा आबाचा. बाहेर बूट काढतोय."

चित्राखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. सीमाने त्या वाचल्या. मग चित्रातल्या बंद दाराकडे बोट करून म्हणाली, "लंगडा आहे ना, वेळ लागणार."

त्या ओळींत काय लिहिलं होतं, ते मी तिला विचारलं नाही.