गरम गोळी, थंड आवळा

आमच्या घरात औषध कधी नुसतं घेतलं गेलं नाही. त्याच्या मागे काहीतरी लागायचंच. खोकल्याच्या पुडीमागे मध, पोटाच्या चूर्णामागे ताक, आणि गरम पडणाऱ्या कोणत्याही औषधामागे आवळा. आई या बाबतीत कोणाचं ऐकायची नाही. अन्न असो, औषध असो की नातेवाईक, तिच्या लेखी जगात दोनच प्रकार होते, गरम आणि थंड.

वडील धनजला पोस्टमन होते. आसपासच्या गावांची डाक पायीच वाटायचे. ‘चपला झिजल्या, पाय नाही झिजले,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली आणि मी त्यांना एसटीनं अकोल्याला नेलं. मी तेव्हा मंगरूळपीरच्या कचेरीत नुकताच कारकून लागलो होतो. घरातला पहिला मॅट्रिक झालेला, त्यामुळे तोरा असा की विचारू नका.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चरबी फार आहे म्हणाले. वडील काडीसारखे, यांच्यात चरबी कुठून आली, ते आम्हाला कळेना. ती रक्तात असते, बाहेरून दिसत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तीन वेळा घ्यायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “सुरुवातीला चेहरा तापेल, अंग खाजेल. घाबरू नका, सवय होईल.”

पहिली गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात वडील कानापर्यंत लाल झाले. आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

“अवं माय! हे गोळी तं लय गरम पडली,” म्हणाली, आणि फळीवरची मुरब्ब्याची बरणी खाली काढली.

पाकात मुरलेला आवळा, प्रत्येक गोळीमागे एक. आठ-दहा दिवसांत चेहरा तापणं थांबलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, पण श्रेय मिळालं आवळ्याला. खोटं कशाला सांगू, मलाही तसंच वाटलं.

मग वडिलांना तहान लागायला लागली. डाकेला निघताना तांब्या, आल्यावर तांब्या. रात्रीतून चार वेळा उठायचे.

“गरमी आत उतरली,” आई म्हणाली. आवळे दोन झाले. तहान वाढली तसा वर वाटीभर पाकही पाण्यात कालवून मिळू लागला. वडील मिटक्या मारत प्यायचे. अंगानं ते आणखी उतरले, तेव्हा तर आई खूशच झाली. “पाह्य, चरबी उतरून राह्यली!” मी मान डोलावली.

दोन महिन्यांनी पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी आईही आली होती. वडील रक्त द्यायला शेजारच्या खोलीत गेले, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, “गोळीशिवाय आणखी काही घेतात का? काढा, चूर्ण, घरचं काही?”

आई म्हणाली, “साहेब, आवळ्याचा...”

मी तिचा हात दाबला. “काही नाही डॉक्टर,” मी म्हणालो. बाहेर बाकावर शहरातली माणसं बसली होती आणि आपली आई इथं मुरब्ब्याचं पुराण सांगणार, याची मला लाज वाटली. डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुढे लिहून दिल्या.

परतल्यावर महिन्याभरातच चपलेचा पट्टा लागून वडिलांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो फुटला, पण भरेना. हळद झाली, एरंडाचं पान झालं. परसात ते लघवीला बसत तिथं मुंग्या लागल्या, तर आईनं त्या जागी राख टाकली. अंगठा काळा पडला तेव्हा कुठे आम्ही अकोल्याची बस धरली.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेतली, निळं औषध घातलं, ज्योतीवर धरलं. निळं होतं ते विटेसारखं लाल झालं.

“गोड काय खाता?”

“आवळ्याचा मुरब्बा, साहेब,” वडिलांनी सरळ सांगितलं. “रोजचा. गोळी गरम पडते ना.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. या गोळीनं काही जणांची साखर वाढते, त्यात तुम्ही रोज पाक पाजत होतात, असं म्हणाले. ती तहान गरमीची नव्हती, साखरेची होती. मग आवाज चढवून विचारलं, “मागच्या वेळी मी विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलं?”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“मलेच सुचलं नाही साहेब,” ती म्हणाली. “मी अडाणी बाई.”

मी तेव्हाही गप्प राहिलो. चौथ्या दिवशी वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. ओट्यावर कुबडी टेकून बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायचे. नवा पोस्टमन दारावरून गेला की आईला चिडवायचे, “तुह्या आवळ्यानं माहा पाय खाल्ला वं.”

आई हसण्यावारी न्यायची. मी तिथंच बसलेला असायचो. तिनं त्यांना खरं कधीच सांगितलं नाही, आणि मीही नाही.