पक्कडनाना

पक्कडनानांनी कोणाचाही दात आपणहून काढला नाही. प्रकाशा गावच्या आठवडी बाजारात, देवळामागच्या निंबाखाली ते गोणपाट टाकून बसत. माणूस समोर बसला की दात काढायची पक्कड त्याच्याच हातात देत आणि म्हणत, "तुम्ही दिशात, तवयच मी लिसू." मग पीकपाण्याच्या गप्पा सुरू. माणूस आपणहून पक्कड परत देईपर्यंत नाना त्याच्या तोंडाकडे बघतही नसत.

मी तिथल्या शाळेत मास्तर, दोन लेकरांचा बाप. दाढ किडून दोन वर्षं झाली होती. भाकरी दुधात कुस्करून गिळायची, लग्नाच्या पंगती चुकवायच्या, वर्गात पोरांवर खेकसायचं. घरातही माझ्याशी कोणी धड बोलेना. तरी पक्कड दिसली की मी वाट बदलून घरी जाई.

शेवटी एका बाजारी ती हातात घेऊन तासभर बसलो आणि घामाघूम होऊन उठलो. लोक हसले. नाना त्यांच्यावर कडाडले, "भ्याव कोनले नही लागस रे?" मला म्हणाले, "मास्तर, घर लई जा. आठ दिन तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या." आपली चांगली पक्कड मला देऊन त्यांनी तो आठवडा जुन्या, ढिल्या पकडीवर काढला! घरी ती कोनाड्यात पडून असायची. एकदा तर मी तिने भिंतीतला खिळा उपटला. पुढच्या बाजारी मी ती आपणहून नानांच्या हातात दिली आणि तोंड उघडलं.

त्यानंतर पहिल्यांदा ठेचा-भाकरी चावून खाल्ली. बायको बघतच राहिली. "आज हासनात तुम्ही!" म्हणाली. नानांचे हे उपकार मी कधीच विसरलो नाही.

काही वर्षांनी नानांचाच गाल सुजलेला दिसला.

"तीन वरीसफाईन दाढ दुखी ऱ्हायनी," ते ओशाळून म्हणाले. "माले बी भ्याव लागस, मास्तर. मी पक्कड हातमा लिसू, पन दिसू कोनले?"

पक्कड द्यावी असा दुसरा कोणी गावात नव्हता; मी त्यांना धुळ्याला घेऊन गेलो. डॉक्टरांकडे त्यांनी आधी पक्कड हातात मागितली. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. मग मी माझा हात पुढे केला. नानांनी तो घट्ट धरला आणि डोळे मिटले.

दाढ निघाली. परतीच्या मोटारीत बसलो, तरी नानांनी माझा हात सोडला नव्हता. मीही सोडवून घेतला नाही. ते देतील तेव्हाच घ्यायचा, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.