गाजर गवतानं उठवलेलं बिऱ्हाड

बायकोच्या मानेवर पहिल्यांदा चट्टे उठले ते सोयाबीनच्या निंदणात. आम्हाला वाटलं, घामोळं असेल. पुढच्या पावसाळ्यात पापण्या सुजल्या, कोपरांच्या आतली कातडी काळी, जाड झाली. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "तांड्यात गाजर गवत आहे का?"

कुठं नव्हतं? हायवेच्या कडेला, शेताच्या धुऱ्यावर, उकिरड्यावर, थेट आमच्या न्हाणीमागं. डॉक्टर म्हणाले, त्यानंच कातडी अशी होते; हे गवत आपल्याकडचं नाहीच. परदेशातून गहू यायचा, त्या पोत्यांतून याचं बी आलं.

तांड्यातल्या एका म्हाताऱ्याला मी हे सांगितलं. तो हसला. "आपन लमाण. आपल्या बुढ्यांनी बैलाच्या पाठीवर मुलूखभर धान्य वाह्यलं. पन असं बेनं नाही आनलं कोनी."

त्या वर्षी मी तोंडाला दुपट्टा बांधून गवत उपटत सुटलो. अंगण, गल्ली, शाळेमागची जागा.

"काहून एवढे मरून राह्यले?" बायको दारातून ओरडायची.

एक सर आली की सगळं पुन्हा हिरवं.

शेवटी मुलगी आली. ती कोकणात नर्स आहे. म्हणाली, "बाबा, याडीले मी घेऊन जातो. तिकडे हे गवत फारसं नाही."

लेकीची याडी, म्हणजे माझी बायको, तिच्यासोबत गेली आणि खरंच बरी झाली. फोनवर तिनं मान दाखवली, नितळ. मला आनंद झाला. पण फोन ठेवल्यावर भाकर टाकायला उठावंसं वाटेना.

मीही गेलतो तिकडे राहायला. जावयाच्या घरात दिवसभर बसून काय करायचं? सगळं ध्यान कपाशीत. परत आलो.

दिवाळीला बायको तांड्यात आली. तांड्यातल्या बायकांनी तिला घेरलं, तिनं त्यांच्यासोबत गाणी म्हटली. सण सरायच्या आतच एका सकाळी तिचे डोळे उघडेनात. चुलीपाशी बसून तिनं ओलं फडकं तोंडावर धरलं. मग म्हणाली, "मले बसस्टँडवर सोडून द्या."

आता ती तिकडेच असते. उन्हाळ्यात मी जाऊन येतो. एरवी संध्याकाळी फोन. शेळी व्याली, तुरीला फुलं आली, एवढं सांगून झालं की बोलायला काही उरत नाही. मग ती फोन चालूच ठेवून भांडी घासते, आणि मी ऐकत बसतो.