रिटर्न भाडं

पस्तीस वर्षांत आपण एकदाही रिकामी गाडी घेऊन घरी आलो नाही, असं अण्णा, म्हणजे माझे वडील, छाती पुढे काढून सांगतात. आई म्हणते, दोनदा आलेत, आणि दोन्ही वेळा दोन-दोन दिवस तोंड पाडून बसले होते. अण्णांचा टेम्पो होता. वाशीच्या घाऊक बाजारातून कांदा-बटाटा भरायचा, पनवेल-उरणकडच्या दुकानांत उतरवायचा आणि येताना मिळेल तो माल घ्यायचा. प्लायवूड, गाद्या, रिकामे क्रेट, एकदा तर एक अख्खं बँड पथक ढोल-ताशांसकट. या येतानाच्या मालाला धंद्यात रिटर्न भाडं म्हणतात, आणि अण्णांच्या लेखी तो धंद्याचा नाही, अब्रूचा प्रश्न असतो. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा देऊन मी पुण्याच्या होस्टेलवरून घरी आले ती याच टेम्पोतून. मागे पेरूंचे चाळीस क्रेट, पुढे अण्णा, पेरूंचा मालक आणि दोघांच्या मधे चेपलेली मी. मला न्यायला आले होते की पेरू, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

मी कॉलेजात असल्यापासून कॉम्प्युटरवर एक गेम खेळते. कोरा नकाशा असतो. त्यात डोंगर, नद्या, गावं, खाणी, कारखाने. आपण रस्ते बांधायचे, ट्रक घ्यायचे, इथला कोळसा तिथल्या वीजकेंद्रात न्यायचा आणि आपली वाहतूक कंपनी वाढवत न्यायची. चाळिशी उलटली तरी माझं हे वेड काही गेलेलं नाही. रविवारी दुपारी जेवण झालं की नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या टेबलाशी मी माझी कंपनी उघडून बसते आणि मग संध्याकाळच्या चहापर्यंत मला हाक मारायची नाही.

असंच एका रविवारी अण्णा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ पडद्यावरच्या गाड्या बघत राहिले. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ही गाडी रिकामी कशी काय निघाली गं?"

"कोळसा टाकला ना तिनं. आता परत खाणीवर जाईल."

"म्हंजी जाताना माल आन येताना वारा?"

"गेम आहे अण्णा. असंच असतं त्यात."

"कुनी सांगितलं असंच असतं?" असं म्हणून ते स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आले.

तेव्हा त्यांची गाडी बंद होऊन तीन महिने झाले होते. बंद म्हणजे डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती. डाव्या डोळ्यात काचबिंदू बराच पुढे गेला होता, त्या बाजूची नजर जवळजवळ संपली होती आणि गेलेली नजर परत येत नसते, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, डॉक्टरांना नमस्कार केला आणि जिना उतरताना म्हणाले, "मला सगळं दिसतंय. त्येंचं मशीन बिघडलंय."

टेम्पो सोसायटीच्या भिंतीला लागून उभा असायचा. किल्ली अण्णांच्या शर्टाच्या वरच्या खिशात. रोज सकाळी ते खाली जायचे, काच पुसायचे, इंजिन सुरू करून पाच-दहा मिनिटं आत बसायचे. मी वरून गॅलरीतून बघायची. एकदा मी अंघोळीला गेले आणि तेवढ्यात ते बाजारात चक्कर मारून आले. डाव्या बाजूचा आरसा लोंबत होता. विचारलं तर म्हणाले, "उभ्या गाडीला कुनीतरी ठोकून गेलं." आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. दोघींच्याही मनात एकच होतं, की या वेळी आरसा होता, पुढच्या वेळी एखादं माणूस असेल.

मी तशी तोंडाळ आहे. ऑफिसात माझ्याशी वाद घालायला लोक कचरतात. पण अण्णांकडे ती किल्ली मागायची म्हटली की माझी दातखीळ बसायची. ज्या माणसाने मला गाडीच्या जोरावर शिकवलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की आता उतरा? म्हणून मी पळवाट काढली. माझा जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत लावला, अण्णांना माऊस धरायला शिकवला आणि म्हटलं, "ही तुमची कंपनी. मी आत ऑफिसचं काम करते, तोवर तुम्ही सांभाळा." सकाळचा वेळ गेममध्ये गेला तर तेवढा वेळ किल्ली खिशातच राहील, एवढाच माझा हिशेब.

अण्णा असे रमले की विचारू नका. सकाळी नऊला अंघोळ, देवपूजा करून, इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीवर हजर. आई म्हणायची, "आमचं माणूस परत ड्युटीवर रुजू झालं." पण माझ्यासारखं खेळायचं त्यांना मान्यच नव्हतं. दोन दिवस त्यांनी एकही गाडी घेतली नाही. नुसता नकाशा फिरवत बसले. तिसऱ्या दिवशी मला मीटिंगमधून उठवून दाखवलं. एका वीजकेंद्राच्या शेजारी दुसरीच एक खाण होती, आणि त्या खाणीचा कोळसा खपेल असं दुसरं वीजकेंद्र पहिल्या खाणीच्या जवळ होतं. म्हणजे इकडचा कोळसा तिकडे टाकायचा, तिथेच वळून तिकडचा भरायचा आणि इकडे आणायचा. गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली.

"आता बोल," अण्णा म्हणाले.

वीस वर्षं हा गेम खेळूनही मला हे सुचलं नव्हतं. मी त्यांना खरंच सलाम ठोकला, आणि ते लाजून आईला म्हणाले, "चहा टाक की जरा."

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. आपल्यामुळे मागच्यांची खोटी होता कामा नये. खोटी म्हणजे खोळंबा. रस्त्यात गाडी बंद पडली तर आधी ती कडेला घ्यायची, मग बॉनेट उघडायचं, मग देवाला हाक मारायची, हा क्रम. घाटात गाडी मधोमध उभी करून फोनवर बोलणाऱ्या ड्रायव्हरांचा उद्धार मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलाय की त्यातल्या काही शिव्या मला त्यांच्या अर्थाआधी पाठ झाल्या.

असे दोनेक महिने फार छान गेले. दुपारी जेवताना आमच्या ताटाभोवती फक्त कोळसा. आईसुद्धा विचारायची, आज किती गाड्या झाल्या? बारा झाल्या होत्या. त्यांतली पहिली, गाडी क्रमांक एक, ही अण्णांची लाडकी. ती कुठे आहे हे ते मधूनमधून बघायचे.

गेममध्ये काळ भरभर सरतो. चहा पिऊन होईतो वर्ष संपतं. गाड्याही त्याच वेगाने जुन्या होतात, आणि झाल्या की पडद्यावर सूचना येते. सूचना इंग्रजीत, बारीक अक्षरांत. अण्णा सातवी शिकलेले, त्यातून डोळे असे, म्हणून ते मला हाक मारायचे आणि मी मराठीत सांगायची. एका सकाळी सूचना आली, 'गाडी क्रमांक एक म्हातारी होत चालली आहे.' मी वाचलं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. खिशातून किल्लीचा छल्ला डोकावत होता.

"काय म्हनतोय?"

"म्हणतोय, गाडी क्रमांक एक चांगली चाललीय."

"चालनारच," अण्णा म्हणाले.

एकदा खोटं सांगितलं की पुढचं आपोआप होतं. पुढच्या सूचना आणखी कडक होत्या, गाडी फार जुनी झाली आहे, ताबडतोब बदला. मी दर वेळी काहीतरी थाप मारून आत पळायची. आणि त्याच वेळी मला दुसरंही दिसत होतं. पडद्याच्या डाव्या कडेचं बटण दाबायचं झालं की अण्णा अख्खी मान वळवायचे. डावीकडे काही घडलं तर त्यांना कळायचंच नाही. मी बघत होते आणि गप्प बसत होते. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

मग एका मंगळवारी अण्णांनी हाक मारली. "अगं, माल येत न्हाई. उजवीकडं गाड्याच येईनात."

मी येऊन बघितलं. पडद्याच्या डाव्या कडेला गाडी क्रमांक एक धूर सोडत बंद पडली होती. थोडी चालायची, पुन्हा बंद पडायची. रस्ता अरुंद. तिच्या मागे ओळीने अण्णांच्याच अकरा गाड्या भरल्या मालानिशी उभ्या होत्या. अण्णा पडद्यासमोर बसून होते आणि त्यांना यातलं काही दिसत नव्हतं.

तोंड उघडण्याआधीच माझा हात पुढे झाला. मी माऊस घेऊन नकाशा सरकवला आणि ती रांग मधोमध आणली.

अण्णा पुढे वाकले. बोट लावून गाड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "कवापासनं उभी हाय ही?"

"सकाळपासून असेल."

"मी सकाळपासनं हितंच बसलोय."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात तशीच पळी.

"ती चिठ्ठी पुन्यांदा वाच," अण्णा म्हणाले. सूचनेला ते चिठ्ठी म्हणायचे. "अन आता नीट वाच."

मी वाचली. शब्दाला शब्द.

"हे कवापासनं येतंय?"

"महिना झाला."

ते चिडले. पण चिडले ते गाडीसाठी नाही. "ड्रायवरला खोटं सांगू ने गं. पुढं रस्ता वाहून गेला आसंल तर वाहून गेला म्हनावं. त्यो बघंल काय करायचं ते."

मला रडू आलं. मी म्हटलं, "चुकलं अण्णा. मला भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुमची. आणि तुमच्यासाठी."

अण्णांनी स्वतःच माऊस घेतला, मान पूर्ण डावीकडे वळवून बटण शोधलं आणि गाडी क्रमांक एक डेपोत पाठवली. ती रखडत रखडत डेपोत शिरली. मग त्यांनी ती विकली. मागच्या अकरा गाड्या सुरू झाल्या आणि अण्णा त्या सगळ्या पुढे जाईपर्यंत बघत राहिले. नंतर जेवले, नेहमीसारखे दोन भाकऱ्या खाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कंपनीवर बसण्याऐवजी त्यांनी फोन लावला. करावे गावात एक जण होता, बर्फ आणि मासळीची ने-आण करणारा. तो वर्षभर टेम्पोसाठी मागे लागला होता आणि अण्णा त्याला वर्षभर उडवून लावत होते. फोनवर फक्त एवढंच बोलले, "रविवारी आनून देतो."

रविवारी खाली उतरलो. मला वाटलं, तो माणूस येऊन गाडी नेईल किंवा अण्णा हट्टाने स्वतः बसतील. अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली. मला गाडी चालवता येते, पण त्या टेम्पोच्या स्टिअरिंगला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता. ते पलीकडून जाऊन डावीकडच्या सीटवर बसले. नेरूळ ते करावे अंतर ते किती! पण तेवढ्यात त्यांनी मला क्लच सोडण्यावरून तीनदा झापलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी चौथ्यांदा तो मुद्दाम झटक्यात सोडला.

त्या माणसाने दारात गाडीची पूजा मांडली होती. त्याच्या आईने हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला. तो म्हणाला, "काका, गारी तुमचीच हाय. कदी बी या न् बसा." अण्णांनी त्याला अर्धा तास गाडीच्या खोडी समजावून सांगितल्या. थंडीत चोक कसा द्यायचा, मागचं फाळकं कुठे दाबलं की नीट लागतं. आणि शेवटी, "रिकामी आनायची न्हाई."

आम्ही निघालो तेव्हा त्याची आई आतून एक जाड पिशवी घेऊन आली. आत खाडीतल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, जिवंत, पिशवी नुसती हलत होती. "नको नको" म्हणण्याची आमच्या घरची रीत आहे, पण अण्णांनी ते एकदाही न म्हणता पिशवी घेतली.

परत चालतच आलो. पिशवी माझ्या उजव्या हातात, अण्णा माझ्या डावीकडे. थोडं पुढे आल्यावर मी म्हटलं, "बघा, रिटर्न भाडं मिळालं." अण्णा हसले. खरंच हसले, आरशाच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच इतकं मोकळं. पुढे मोठा रस्ता ओलांडायचा होता. कडेला येऊन ते थांबले, मान वळवून इकडेतिकडे बघितलं, आणि तसेच उभे राहिले.

"तू डावीकडनं चाल," ते म्हणाले. "त्या बाजूचं मला काय बी दिसत न्हाई."

मी पिशवी त्यांच्या हातात दिली, वळसा घालून डावीकडे आले आणि त्यांचा हात धरला.