मारबतीचं तोंड

शाळेत मी ड्रॉइंग मास्तर होतो. रिटायर झाल्यावरही गल्लीची मारबत दरवर्षी माझ्याच हातची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाच्या या बाईला आम्ही नागपूरकर वाजतगाजत नेतो, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" म्हणून गळा फाटेस्तोवर ओरडतो आणि वस्तीबाहेर जाळतो. तिचं काहीही घरी ठेवायचं नाही, असा आमच्या गल्लीचा नियम.

वर्गात मी साथींची जुनी चित्रं दाखवायचो. परदेशी चित्रकारांनी साथीतलं मरण काढलं ते सांगाड्याच्या रूपात. राजाला ओढतो, भिकाऱ्यालाही ओढतो. "अन् आपण पाहा," मी शेखी मिरवायचो, "आपण रोगाले लुगडं नेसवतो, कुंकू लावतो, मग हाकलून देतो!" हाकलतो म्हणे. डोंबलाचं!

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बायको गेली. दवाखान्यात शिरताना मास्कमधून तिनं एवढंच विचारलं, "गॅस बंद केला ना?" मग दिसली ती प्लास्टिकात गुंडाळलेली, तीही लांबून. तोंड दाखवलं नाही कोणी. तेव्हापासून डोळे मिटले की मला तो मास्कच दिसायचा. फोटो होते, पण फोटोतली बाई ताठ, लग्नाला निघाल्यासारखी. मी चिडवलं की हसू दाबणारी, ती काही केल्या आठवेना. चाळीस वर्षांचा संसार, आणि म्हणे चित्रकार! स्वतःची लाज वाटायची. घर खायला उठायचं.

कोरोनामुळे दोन वर्षं बंद असलेली मिरवणूक पुन्हा निघणार होती. शेजारच्या काकू आल्या. "भाऊजी, यंदा कोरोनाचीच मारबत करा."

करतोच, म्हटलं. कागदाच्या लगद्याचं तोंड वाळवलं आणि दात-ओठ खात रंगवायला बसलो. लाल डोळे, लांब सुळे काढायचं ठरलं होतं. पण हात ऐकेना. डाव्या गालावर खळी पडली. ओठाच्या कोपऱ्यात दाबलेलं हसू आलं. ब्रश तिथंच टाकला आणि ढसाढसा रडलो.

काकू चहा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. "अगं बाई! हे तर ताई आहे. काय करून राहिले तुम्ही, भाऊजी? इले जाळाले न्याचं काय?"

"सुळे काढतो," मी म्हणालो. लाल रंगात ब्रश बुडवला. तो तसाच वाळला.

सकाळी ढोल दारात आले तेव्हा मारबतीच्या मानेवर मी मडकं बसवलं होतं, चुन्याचे दोन डोळे काढून. "मास्तर, यंदा तोंड काहून नाही केलं गा?" कोणीतरी ओरडलं. वेळ नाही भेटला, म्हटलं. मिरवणुकीत गेलो नाही.

ती जळून गेल्यावर काकू आल्या. भिंतीवरच्या तोंडाकडे पाहत हळूच म्हणाल्या, "मारबतीचं घरात ठेवू नये, भाऊजी. पिडा घरातच राहते."

"राहू द्या," मी म्हणालो. "कोणीतरी राहू द्या घरात."